रक्ताची आठवण



कोरोना आला तेव्हा तुमच्यापैकी काही जण अगदी लहान होते, काही नुकतेच शाळेत जाऊ लागले होते. ‘मला कुठं झाला होता?’ असं तुम्ही ठामपणे म्हणाल. पण तेव्हा तुमच्या रक्ताला विचारलं असतं, तर त्यानं कदाचित वेगळंच सांगितलं असतं!

२०२१ च्या जून-जुलैमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं देशातल्या ७० जिल्ह्यांत लोकांच्या रक्ताची पाहणी केली. आपल्या शेजारचा सांगली जिल्हाही त्यात होता. ६ ते १७ वर्षांच्या मुलांना या पाहणीत सामील करून घेतलं होतं. रक्तात शोधायची होती प्रतिपिंडं, म्हणजेच अँटिबॉडीज. एखादा जंतू अंगात शिरला की त्याला पकडण्यासाठी शरीर खास त्याच्याच मापाची ही प्रथिनं बनवतं. देशभरात ६ ते ९ वयाच्या शंभर मुलांतल्या सुमारे ५७ जणांकडे कोरोनाची प्रतिपिंडं सापडली. १० ते १७ वयात हाच आकडा ६२ च्या आसपास. आता गंमत पाहा. मुलांना लस देणं तेव्हा सुरूच झालं नव्हतं. ती १५ वर्षांपुढच्यांना ३ जानेवारी २०२२ पासून मिळू लागली. मग प्रतिपिंडं आली कुठून? अर्थातच, विषाणू येऊन गेला होता! कुणाला दोन दिवस ताप, कुणाला नुसत्या शिंका, कुणाला तेवढंही नाही.

मग एकदा होऊन गेला की कायमची सुटका? घरोघरी आजी सांगते, गोवर एकदाच येतो. आजीचं खरं आहे. उत्तर अटलांटिक महासागरात फेरो नावाची बेटं आहेत. तिथं १७८१ साली गोवर आला होता, तो पुन्हा उगवला थेट १८४६ मध्ये. सुमारे सहा हजार लोक आजारी पडले. पानुम नावाच्या तरुण डॅनिश डॉक्टरानं गावोगाव हिंडून नोंदी केल्या. ६५ वर्षांपूर्वी ज्यांना गोवर झाला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नव्हता!

कोरोनाचं मात्र तसं नाही. आपण पडलो कोल्हापूरकर, तेव्हा कुस्तीचंच उदाहरण घेऊ. खासबागेत एकदा ज्याच्याशी लढलो, त्या मल्लाचा डाव लक्षात राहतो. शरीरातल्या स्मृतिपेशी हेच काम करतात. प्रतिपिंडं काही महिन्यांत कमी होत जातात, पण स्मृतिपेशी टिकून राहतात आणि शत्रू पुन्हा दिसला की झटपट कामाला लागतात. कोरोनाचाच एक भाऊबंद, सार्स, २००३ मध्ये आला होता. त्यातून बऱ्या झालेल्या सिंगापूरच्या रुग्णांच्या रक्तात १७ वर्षांनंतरही अशा पेशी सापडल्या. पण नाकातला पहारा लवकर ढिला पडतो, आणि हा गडी डाव बदलून येतो. २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आला तो असाच. म्हणून तर तुमच्या ओळखीत कुणाकुणाला कोरोना दोनदा झाला. दुसऱ्या खेपेला आजार बहुधा हलका गेला, तो या जुन्या आठवणीमुळे.

लहान मुलं की मोठी माणसं, कुणाची आठवण जास्त पक्की? इटलीत पाडुआ शहरातल्या डॉक्टरांनी कोरोना झालेल्या अडीचशे कुटुंबांवर लक्ष ठेवलं. तीन वर्षांखालच्या चिमुरड्यांच्या रक्तात मोठ्यांपेक्षा जास्त प्रतिपिंडं निघाली, आणि ती दहा महिने टिकलीसुद्धा. आजार किरकोळ, पण आठवण दांडगी!

उतारवयात ही ताकद मंदावते. तेव्हा पालकहो, आजी-आजोबांना किंवा मधुमेह असलेल्या काकांना ‘तुम्हाला होऊन गेलाय, आता कसली भीती?’ असं सांगत बसू नका. लसीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. आणि मुलांनो, खोकला झाला असेल तर आजीजवळ जाताना मास्क लावायला लाज कसली?

तान्ह्या बाळाची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्याजवळ स्वतःची आठवण नसतेच. आईची प्रतिपिंडं नाळेतून त्याला मिळतात, पण ही शिदोरी काही महिन्यांत संपते. तुमचं लसीकरणाचं कार्ड आईकडून मागून घ्या आणि गोवराच्या लसीची तारीख पाहा. तेव्हा तुम्ही किती महिन्यांचे होता ते मोजा. बहुतेकांचं उत्तर नऊ किंवा थोडं अधिक येईल. नऊच का, ते आता तुम्हीच आईला सांगा.