सानुग्रह मदत आणि हक्काची भरपाई

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक गलबत रंगविलेले आहे. शूर्पारकच्या, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपाऱ्याच्या, पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची ती कथा. दासीपोटी जन्मलेला हा पूर्ण पुढे भिक्षू झाला. त्याचा थोरला भाऊ चंदनासाठी समुद्रपार गेला असता चंदनवनाच्या रक्षक यक्षाने वादळ उठविले, भावाने संकटात पूर्णाचा धावा केला, पूर्ण आला आणि गलबत वाचले. आपल्या सागरी इतिहासाचे अभ्यासक या चित्राकडे अभिमानाने बोट दाखवितात. समुद्रापासून इतक्या दूर, वाघूरच्या घळीत बसून चित्रकाराने जहाजाचा तपशील इतका नेमका टिपावा, हे नवलच म्हटले पाहिजे. मात्र कथेत नावे आहेत ती व्यापाऱ्यांची. वल्ही मारणाऱ्यांची आणि शिडे ओढणाऱ्यांची नाहीत. गलबत बुडाले असते तर व्यापाऱ्याच्या घरी निदान मालमत्ता उरली असती. खलाशाच्या घरी काय उरले असते, हा प्रश्न कथाकाराला पडलेला दिसत नाही.

आजच्या काळात तो टाळता येणार नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबई हाय तेलक्षेत्रातील पी-३०५ ही निवासी बार्ज बुडाली. तीवर २६१ माणसे होती. तिला स्वतःचे चालक इंजिन नव्हते. नांगर सुटले आणि ती वादळाच्या स्वाधीन झाली. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना बाहेर काढले, ही कामगिरी पूर्णाच्या कथेतही शोभली असती. परंतु सत्तरहून अधिक माणसे गेली. काही मृतदेह ओळखण्यापलीकडे गेल्यामुळे जनुकीय चाचण्या कराव्या लागल्या. मृतांत दर्यावर्दी कुळातले थोडेच असावेत. बार्जवरची बहुतेक माणसे वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी अशी कंत्राटी कामगार होती. देशाच्या कानाकोपऱ्यांतून, जन्मात समुद्र न पाहिलेल्या गावांतून अशी मुले जेटीवर येतात. मराठवाड्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या मुलालाही गावात काम नसले म्हणजे हीच वाट दिसते.

दुर्घटनेनंतर तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने वाचलेल्यांना एक लाख आणि मृत वा बेपत्ता झालेल्यांच्या कुटुंबीयांना दोन लाख रुपयांची तातडीची मदत जाहीर केली. कंत्राटदार कंपनीनेही मोठ्या रकमांची घोषणा केली. सारा देश दूरचित्रवाणीवर पाहत होता, त्यामुळे ही तत्परता दिसली असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु प्रश्न आहे तो कोणी पाहत नसताना एकटाच डेकवरून पडलेल्या, किंवा क्रेनचा दोर तुटून जायबंदी झालेल्या कामगाराचा. त्याच्यासाठी घोषणा होत नाही. एखादा पर्यवेक्षक घरी येतो, पाकीट देतो, कागदावर अंगठा किंवा सही घेतो, आणि त्या कागदावर 'सानुग्रह' असा शब्द असतो. हा शब्द मोठा सोज्ज्वळ दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की, देणाऱ्यावर देण्याचे बंधन नव्हते आणि घेणाऱ्याला मागण्याचा अधिकार नव्हता.

वस्तुतः हा अधिकार शंभर वर्षांहून जुना आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने एक मोठे तत्त्व आपल्याकडे आणले. कामातून आणि कामाच्या ओघात अपघात घडला, एवढे दाखविले की पुरे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर कामगाराच्याच निष्काळजीपणाची सबबही चालत नाही. कंत्राटदार नाहीसा झाला तर ज्याच्या कामासाठी कंत्राट दिले होते, तो मुख्य मालक जबाबदार धरला जातो. मृत्यूची भरपाई वारसाच्या हातात परस्पर देऊन मालकाला मोकळे होता येत नाही. ती भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते, आणि परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. हक्क सोडून दिल्याचा करार कोणी लिहून घेतला तर तो निरर्थक ठरतो. देणे असलेली रक्कम महिन्याभरात न दिल्यास १२ टक्के व्याज, आणि विलंबाला समर्थन नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. पर्यवेक्षकाच्या पाकिटाची आणि त्या अंगठ्याची कायद्यापुढे किंमत किती, हे यावरून ध्यानात यावे.

हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असला तरी त्याची ही चौकट मुख्यतः तशीच संहितेत उतरली आहे. खलाशांचा विचार तर त्यात मुळापासून होता. जहाजावरच अपघात होऊन अपंगत्व आले असेल तर वेगळी नोटीस देण्याची गरज नाही. खलाशाच्या मृत्यूची वार्ता घरी पोचल्यापासून एक वर्षात दावा करता येतो. जहाज सर्व माणसांसह नाहीसे झाले तर अठरा महिने मिळतात. परक्या बंदरात सोडून दिलेल्या जखमी खलाशाची तेथील वकिलातीच्या अधिकाऱ्यापुढे झालेली जबानी येथे पुरावा म्हणून चालते. तारेने बातमी येण्याच्या काळात कायदा लिहिणाऱ्यांनी अंतराची जाणीव ठेवली होती, हे त्यांच्या श्रेयाचे आहे.

रकमेच्या बाबतीत मात्र ही जाणीव दिसत नाही. तीस वर्षांचा कामगार मरण पावला तर मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला २०७.९८ या गुणकाने गुणतात. पण हिशेबात धरावयाच्या वेतनाला मर्यादा आहे. २०१० पासून ती ८,००० रुपये होती आणि जवळजवळ दहा वर्षे तशीच राहिली. जानेवारी २०२० मध्ये ती १५,००० झाली. त्या मर्यादेने तीस वर्षांच्या माणसाची भरपाई १५ लाख ५९ हजार ८५० रुपयांवर थांबते. भर समुद्रातल्या वेल्डरचा पगार चाळीस हजार असला तरी कायद्याच्या नजरेत तो पंधरा हजारांचाच. महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी फिरतो, हे आपल्यासारख्या पगारदारांना ठाऊक असते. ही मर्यादा दशकभर का फिरत नाही, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही सरकारने दिलेले नाही.

रक्कम ठरली तरी ती हाती पडेपर्यंत काय होते, याचे उदाहरण मराठवाड्यातच आहे. उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रात्रपाळीचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केले. वाटेवरचा अपघात कामाच्या ओघातला नाही, असे म्हणून उच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो आदेश रद्द केला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला आणि घर व कामाची जागा यांमधील प्रवासही, काळ, स्थळ आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध असेल तर, कायद्याच्या कक्षेत येतो असे सांगितले. निकाल स्वागतार्ह आहे. त्याला लागलेली बावीस वर्षे नाहीत. घटना जिल्ह्यातली, कारखाना जिल्ह्यातला, साक्षीदार गावातले, तरी ही कथा. मग अपघात समुद्रावर, कंपनीची कचेरी मुंबईत, कंत्राटदार तिसऱ्या राज्यात आणि विधवा सिल्लोड तालुक्यात असेल तर?

१९९५ च्या दुरुस्तीने तिच्यासाठी एक दार उघडले. अपघात कोठेही घडो, दावा करणारी व्यक्ती जेथे राहते तेथील आयुक्तांकडे अर्ज करता येतो. ही तरतूद फार मोलाची आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. परंतु त्याच कलमात पुढे, अपघात भारताबाहेर घडला तर जहाजाचा मालक किंवा त्याचा हस्तक जेथे व्यवसाय करतो, अथवा कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय जेथे आहे, तेथील आयुक्तांचा निर्देश आहे. म्हणजे ज्याचा अपघात सर्वांत दूर, त्याच्याच घरच्यांना मुंबईकडे बोट दाखविण्याची सोय कंपनीच्या वकिलाला मिळते. ही संदिग्धता काढून, परदेशातील अपघातांसाठीही राहत्या जिल्ह्याचे दार निःसंदिग्ध शब्दांत उघडले पाहिजे. त्यासाठी एका ओळीची दुरुस्ती पुरेशी आहे.

परदेशी कामाची तरतूदही १९९५ चीच, पण ती भारतात नोंदलेल्या कंपनीने नेलेल्या कामगारापुरती. आखातातील कंपनीने परस्पर नेमलेला माणूस तिच्यात येत नाही. त्याच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे. अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वाला तीत दहा लाखांचे संरक्षण मिळते. येथेही एक गंमत आहे. सक्ती आहे ती परदेशगमनपूर्व तपासणी लागणाऱ्यांना, आणि दहावी उत्तीर्ण झालेला मुलगा त्या तपासणीतून सुटतो. म्हणजे आपण शिक्षकांनी त्याला दहावीच्या पलीकडे नेले, की तो सक्तीच्या विम्यातूनही पलीकडे गेला! त्याने हा विमा स्वेच्छेने घ्यावा, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

मोठ्या लोकशाह्यांतही दुजाभाव आहेच. अमेरिकेने गोदी कामगारांसाठी १९२७ मध्ये आणि परदेशातील लष्करी तळांवरील कंत्राटी कामगारांसाठी १९४१ मध्ये भरपाईचे कायदे केले. २००३ नंतर इराकमधील तळांवर भांडी घासणारे, ट्रक हाकणारे अनेक जण भारत-नेपाळचे होते. कायदा त्यांनाही लागू होता आणि कंत्राटदाराला विमा उतरविणे सक्तीचे होते. पण त्याच कायद्यात असे आहे की, अमेरिका किंवा कॅनडात न राहणाऱ्या परकीयांचे पुढचे सर्व हप्ते एकरकमी चुकते करायचे झाल्यास हिशेबाने येणाऱ्या रकमेच्या निम्मेच द्यावे. विमा कंपनीने अर्ज केला की तसे करावेच लागते. २००४ मध्ये इराकमध्ये बारा नेपाळी तरुणांची हत्या झाली तेव्हा असा काही कायदा आहे, हे त्यांच्या गावी कोणाला ठाऊक असणार?

ठाऊक असणे हीच येथे अर्धी लढाई आहे, आणि ती गावातल्या शिकलेल्या माणसांच्या हातची आहे. मुलगा निघताना नेमणूकपत्राची, विम्याच्या कागदाची आणि मुख्य मालकाच्या नावाची प्रत घरी ठेवावी. नेमणूकपत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे. अपघात झालाच तर पाकिटाबरोबरच्या कागदाची प्रत मागून घ्यावी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न घालता विनामूल्य वकील मिळतो. दाव्याची सर्वसाधारण मुदत दोन वर्षांची असते. पी-३०५ च्या दुर्घटनेला दोन वर्षे १७ मे २०२३ रोजीच पूर्ण झाली. ज्यांचा अर्ज तेव्हा गेला नसेल त्यांनाही, विलंबाला पुरेसे कारण होते असे दाखवून, आयुक्तांपुढे उभे राहण्याची मुभा कायद्याने ठेवली आहे.