मुलाखतीत गप्प बसू नका!

दोस्तांनो, आपल्याकडे इंजिनिअरिंगचे बहुतेक प्रवेश सीईटीच्या गुणांवर होतात, मुलाखत नसते. पण हैदराबादच्या ट्रिपल आयटीत बी.टेक. आणि एम.एस. एकत्र असलेल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला लेखी परीक्षेनंतर मुलाखत द्यावी लागते. कन्नडच्या मुलामुलींनी तिची तयारी कशी करायची?

समजा, विचारलं, "१ ते १००० मधला एक आकडा मी मनात धरलाय. फक्त 'हो' किंवा 'नाही' सांगेन. किती प्रश्नांत ओळखाल?" उत्तर चटकन सुचलं नाही की आपण गप्प! तिथंच घोटाळा होतो. समोरच्यांना तुमचा विचार ऐकायचा असतो. म्हणून मोठ्यानं बोला, "५०० पेक्षा मोठा आहे का? म्हणजे निम्मे गेले. आता उरलेल्यांतले निम्मे..." दहा प्रश्नांत आकडा हाती! कारण एकापासून दहा वेळा दुप्पट केलं की १०२४ होतात. मध्येच चुकलात, तर "थांबा, पुन्हा बघतो" म्हणा. त्यात लाज कसली?

कन्नडहून औट्रम घाट उतरून चाळीसगावकडं गेलं की जवळच पाटणादेवी आहे. तिथल्या जुन्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाची नोंद आहे. म्हणजे गणित बोलून शिकणं आपल्या मुलखाला नवं नाही, बरं का!

आजपासून रोज एक गणित धाकट्या भावंडाला समजावून सांगा. त्याला कळलं, की समजा तुमची तयारी झाली!