प्रश्नाचा तास कोणाचा?

संसदेचे अधिवेशन भरले की सकाळी अकराच्या ठोक्याला लोकसभेत जो तास सुरू होतो, तो प्रश्नांचा तास. तो सरकारच्या मालकीचा नाही, सत्ताधारी पक्षाच्या मालकीचा नाही, आणि आम्ही स्पष्टच सांगतो की, तो विरोधी पक्षांच्याही मालकीचा नाही. ज्याला दिल्ली दुरूनसुद्धा दिसत नाही, ज्याचा अर्ज कचेरीच्या फडताळात वर्षानुवर्षे धूळ खात पडतो, त्या सामान्य माणसाचा तो तास आहे. दिवसाचे बाकीचे तास सरकारचे असतात. त्यांत सरकार विधेयके आणते, अंदाजपत्रक मांडते, बहुमताच्या बळावर मंजूर करून घेते. या एका तासात मात्र बहुमताचा काही उपयोग नाही. नाव पुकारले गेले की मंत्र्याने उभे राहिले पाहिजे आणि उत्तर दिले पाहिजे. असा हा तास आज गोंधळात बुडतो, कधी सरकारच्या सोयीसाठी रद्दही होतो. आणि ज्यांचा तो आहे त्या लोकांना आपले काही हरवले आहे याची जाणीवही नसते, याचे आम्हांस अत्यंत वैषम्य वाटते.

प्रश्न विचारणे म्हणजे उठून ओरडणे नव्हे. लोकसभेच्या नियमांप्रमाणे प्रश्नाची सूचना निदान पंधरा दिवस आधी द्यावी लागते. एका दिवसाच्या यादीत तारांकित प्रश्न वीस आणि अतारांकित दोनशे तीस. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकिताला उत्तर लेखी मिळते. मूळ प्रश्नाचे उत्तर खात्याचे अधिकारी लिहून देतात. परंतु पूरक प्रश्न आला की मंत्री एकटा असतो, आणि त्याला आपले खाते किती ठाऊक आहे ते साऱ्या सभागृहाला दिसते. 'चौकशी करू', 'माहिती गोळा करीत आहोत' असे सांगून तो बसला, तर तेवढ्यानेही सुटका नाही. ते आश्वासन ठरते, आणि १९५३ साली स्थापन झालेली लोकसभेची आश्वासन समिती ते तीन महिन्यांत पुरे झाले की नाही याचा माग काढू शकते. सारांश, ज्याला हे हत्यार चालविता येते त्याच्या हाती बहुमत नसतानाही बरेच काही असते.

किती असते, याचा दाखला १९५७ सालचा आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोट रुपयांचे भाग विकत घेतले होते. विमा उतरविणाऱ्या लाखो लोकांचा तो पैसा. त्याविषयी लोकसभेत प्रश्न आला. अर्थखात्याने पहिले उत्तर गुळमुळीत दिले. ते गुळमुळीत होते म्हणूनच पुढचा प्रश्न आला, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात फिरोज गांधी यांनी सारे प्रकरण सभागृहासमोर उलगडून ठेवले. न्यायमूर्ती छागला यांची चौकशी बसली, ती उघड्यावर झाली, आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना जावे लागले. वाचकांनी एक गोष्ट विसरू नये. प्रश्नकर्ते डॉ. रामसुभग सिंह आणि फिरोज गांधी हे दोघेही काँग्रेस पक्षाचेच सदस्य होते. स्वपक्षाच्या सरकारला असे विचारण्याचे धैर्य असलेली ती माणसे होती. आज सत्ताधारी बाकांवरून 'सरकारने केलेले अमुक कार्य मंत्रिमहोदय सांगतील काय' असे जे प्रश्न येतात, ते प्रश्न नव्हेत. ती आरती आहे. म्हणूनच प्रश्नाचे खरे ओझे विरोधी सदस्याच्या खांद्यावर येऊन पडते.

ते ओझे कसे वाहावे हे मधु लिमये यांनी दाखविले. पुण्यात १९२२ साली जन्मलेला हा माणूस १९५५ साली गोव्याच्या सत्याग्रहात गेला, पोर्तुगीज पोलिसांचा मार त्याने खाल्ला, बारा वर्षांची शिक्षा घेतली आणि १९५७ साली सुटून आला. पुढे १९६४ साली बिहारमधील मुंगेरच्या मतदारांनी पोटनिवडणुकीत त्याला लोकसभेत पाठविले, १९६७ साली पुन्हा निवडले, आणि १९७३ व १९७७ साली बांकाच्या मतदारांनी. मराठी माणसाला बिहारने आपला प्रतिनिधी मानले, कारण तो त्यांच्या वतीने विचारीत होता. लिमये यांचा आवाज सभा गाजविणारा नव्हता. त्यांचे सामर्थ्य कागदात होते: सभागृहाची नियमावली, लेखापरीक्षकांचे अहवाल, मंत्र्याने मागे दिलेली उत्तरे. मंत्र्याचे आजचे उत्तर आणि त्याचेच पूर्वीचे उत्तर जेथे जुळत नाही तेथे बोट ठेवायचे, आणि ते हलू द्यायचे नाही.

१९७४ साली पाँडिचेरीच्या काही व्यापाऱ्यांना मिळालेल्या आयात परवान्यांचे प्रकरण निघाले. परवान्यांसाठी दिलेल्या अर्जावर एकवीस खासदारांच्या सह्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक खोट्या निघाल्या. चौकशीचे कागद सभागृहासमोर ठेवा, एवढीच मागणी लिमये, वाजपेयी, ज्योतिर्मय बसू आदी विरोधी सदस्यांनी लावून धरली. सरकारने पुष्कळ टाळाटाळ केली; पण अखेर ते कागद विरोधी नेत्यांना गुप्ततेच्या अटीवर का होईना दाखविणे त्याला भाग पडले. हातात संख्या नसताना मिळविलेला हा विजय होता.

अशा माणसाला तुरुंग चुकत नाही. १९६८ साली लखीसराय येथे लिमये यांना अटक झाली, तेव्हा अटकेची कारणे कळविली नाहीत या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. सरकारला कारण विचारण्याची त्यांची सवय न्यायालयातही सुटली नाही! आणीबाणीत ते पुन्हा तुरुंगात गेले. १९७६ च्या मार्चमध्ये लोकसभेची पाच वर्षांची मुदत संपत असता सत्ताधाऱ्यांनी ती वाढवून घेतली. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडले, सहावे वर्ष आमचे नव्हे, अशा भूमिकेने लिमये आणि शरद यादव या दोघांनी तुरुंगातून राजीनामे दिले. खुर्ची आपोआप मिळत असताना ती नाकारणारे दोघे निघाले. बाकीच्यांविषयी काय बोलावे?

आता आमच्यावर आक्षेप येईल की, विरोधक सभागृह चालू देत नाहीत, मग प्रश्नाच्या तासाचे गोडवे कशाला? आक्षेपात तथ्य आहे आणि ते आम्ही झाकून ठेवणार नाही. फलक घेऊन अध्यक्षांच्या आसनासमोर धावणाऱ्या विरोधकाने त्या दिवशी मंत्र्याला शिक्षा केलेली नसते, त्याची सुटका केलेली असते. नाव पुकारले जाते आणि प्रश्नकर्ताच जागेवर नसतो, हेही पुष्कळदा घडले आहे. आणि २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणी दोन्ही सभागृहांतून मिळून अकरा खासदारांची हकालपट्टी झाली, त्यांत सत्ताधारी होते तसे विरोधकही होते. जनतेचे हत्यार बाजारात विकणाऱ्यांना आमच्याकडे क्षमा नाही.

परंतु सरकारांचे काय? १९७५ च्या जुलैमध्ये आणीबाणीत अधिवेशन भरले तेव्हा पहिल्या झपाट्यात प्रश्नांचा तास बंद झाला, आणि त्याच अधिवेशनात पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती संमत झाली. ज्या सभागृहात विचारता येत नाही तेथे काय काय संमत होते ते पाहा. ते सरकार काँग्रेसचे होते. २०२० च्या सप्टेंबरात साथीचे कारण सांगून तो तास पुन्हा काढून टाकण्यात आला. लेखी उत्तरे तेवढी राहिली, पूरक प्रश्न गेले. ते सरकार भारतीय जनता पक्षाचे. साथ खरी होती, हे आम्ही नाकारीत नाही. पण विधेयके संमत करावयास जी साथ आड आली नाही ती प्रश्नांनाच कशी आड आली? पुढे २०२३ च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांतील १४६ विरोधी खासदार निलंबित झाले, आणि त्यांचे प्रश्नही यादीतून वगळले गेले. अपराध सदस्याचा असेल तर शिक्षा सदस्याला द्या. त्याच्या प्रश्नामागे उभ्या असलेल्या मतदाराने कोणता अपराध केला होता? पक्ष बदलतात, झेंडे बदलतात. सत्तेवर बसलेल्याची प्रश्नाविषयीची अढी मात्र बदलत नाही.

हे सारे आम्ही बेळगाव-निपाणीच्या वाचकांपुढे का मांडीत आहो? कारण उत्तर न मिळणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून राजापूरचे खासदार होते, पण सीमाभागाने त्यांना आपलाच आवाज मानले. गोलकनाथ निकालानंतर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी १९६७ साली त्यांनी एकट्याच्या नावावर विधेयक आणले. विरोधी बाकावरचा एक सदस्य साऱ्या देशाला कसा विचार करावयास लावतो, याचा तो धडा होता. १९७१ च्या जानेवारीत हुतात्मादिनी बेळगावात बोलून त्याच रात्री त्यांनी या मातीत देह ठेवला. त्यांच्या वक्तृत्वाच्या आठवणीने आमचे डोळे आजही भरतात. पण त्या वक्तृत्वामागचा अभ्यास आपण किती जपला?

आज सीमाप्रश्नावर संसदेत कोणी विचारू गेला की पहिली भिंत उभी राहते ती 'न्यायप्रविष्ट' या शब्दाची. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि न्यायालयापुढील विषयावर प्रश्न स्वीकारला जात नाही. दुसरी भिंत 'हा राज्याचा विषय' या शब्दांची. मान्य. पण भिंतीला दार कोठे आहे ते शोधणे हेच तर प्रश्नकर्त्याचे काम! राज्यघटनेच्या ३५०-क कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी करावयास सांगितले आहे आणि त्यासाठी राष्ट्रपतींना आदेश देण्याचा अधिकार दिला आहे. ३५०-ख कलमाने भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमला आहे. त्याचे अहवाल संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवलेच पाहिजेत. ही दोन्ही कलमे १९५६ साली राज्यपुनर्रचनेबरोबरच आली. या आयुक्ताचे एक विभागीय कार्यालय एके काळी बेळगावातच होते. ज्या तालुक्यात एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के वा अधिक असतील तेथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे त्याच संरक्षणांपैकी एक आहे.

ही आयुक्ताची व्यवस्था केंद्राची आहे, राज्याची नव्हे. आणि हद्द कोठे असावी या न्यायालयापुढील वादाशी तिचा संबंध नाही. मग विचारा की! आयुक्ताचा शेवटचा अहवाल सभागृहापुढे कधी ठेवला? त्यात सीमाभागातील मराठी शाळांविषयी काय म्हटले आहे? शिफारशींवर कोणती कार्यवाही झाली? मराठीत कागद मिळावेत म्हणून आलेल्या तक्रारी किती आणि निकालात निघाल्या किती? या चार प्रश्नांना ना गर्जनेची गरज आहे, ना फलकाची. सूचनेचा एक कागद आणि पूरक प्रश्नाची तयारी एवढे पुरे आहे.

तेव्हा सीमाबांधवांनो, आमचे सांगणे एवढेच आहे. महाराष्ट्रातील जे जे खासदार आपल्या व्यासपीठावर येऊन पाठिंब्याची ग्वाही देतात, त्यांच्या गळ्यात हार जरूर घाला. पण हार घालण्यापूर्वी विचारा, 'साहेब, गेल्या अधिवेशनात आमच्यासाठी कोणता प्रश्न टाकलात?' ते सांगतील त्यावर विसंबू नका. प्रश्न आणि उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर कोणासही वाचता येतात. शाळेतली आपली मुलेदेखील ती शोधून देतील. आणि नुसती झडती घेऊन थांबू नका. ज्या शाळेत शिक्षक नाही तिचे नाव, ज्या अर्जाला मराठीत उत्तर मिळाले नाही त्याची प्रत, तारीखवार, नीट बांधून त्यांच्या हाती द्या. कोणताही प्रश्नकर्ता कागदावाचून लढू शकत नाही, आणि आपला कागद आपल्यावाचून त्याला कोण देणार?

पासष्टाहून अधिक वर्षे आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, हुतात्म्यांना खांदा दिला. त्यांतले काहीही व्यर्थ गेले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मोर्चा गेला की रस्ता मोकळा होतो; लेखी उत्तर मात्र सरकारच्या सहीने दप्तरात कायम राहते आणि पुढच्या सरकारलाही ते पुसता येत नाही. प्रश्नाचा तास आपला आहे. तो मागून घेतला नाही, तर उत्तर द्यावयास कोणी बांधलेला नाही.