पाण्याच्या वराची मुदत

आपल्या पुराणकारांनी शापाच्या बाबतीत एक शहाणपणाची सोय करून ठेवली आहे. क्रोधाच्या भरात ऋषी शापवाणी उच्चारतो खरा, परंतु राग ओसरताच तो उःशापाची पुस्ती जोडतो आणि शापिताला निदान सुटकेची मुदत तरी कळते. वराला मात्र अशी पुस्ती क्वचितच असते. भस्मासुराच्या हाताखाली पहिले मस्तक कोणाचे येणार, याचा विचार वर देणाऱ्या शंकरानेही केला नव्हता, आणि मग पळण्याची पाळी त्याच्यावरच आली. मनुष्यव्यवहारातही संपत्ती, संतती, दीर्घायुष्य वरदानांच्या खाती आणि दारिद्र्य, व्याधी, अवर्षण शापांच्या खाती टाकून आपण मोकळे होतो. एकाच्या वराचे देणे दुसऱ्या कोणाच्या नावावर पडले, हा रकाना तेवढा कोरा राहतो.

नीरा डाव्या कालव्याचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दक्खनची माणसे आणि गुरे अन्नपाण्यावाचून मेली. त्या होरपळलेल्या मुलखात, बारामतीच्या बाजूस, १८८५ च्या सुमारास पाटाचे पाणी आले, तेव्हा त्याला वरदान म्हणू नये तर काय म्हणावे? जिराईत रान बागाईत झाले, उसाचे फड उभे राहिले, गुऱ्हाळे पेटली. परंतु काही दशकांतच सखल भागातील जमिनी पाणथळ व खारवट होऊ लागल्या. आणि पुढे हीच कैफियत कृष्णाकाठच्या वाळवे व शिरोळ तालुक्यांतूनही ऐकू आली.

याची कारणमीमांसा सोपी आहे. खोल काळ्या जमिनीतून पाणी सावकाश झिरपते. निचऱ्याची वाट नसताना वर्षानुवर्षे भरमसाट पाणी दिले की भूजल चढत जाते, जमिनीतले क्षार विरघळून त्याबरोबर वर येतात, आणि उन्हाने पाणी उडून गेले की ते पृष्ठभागी उरतात. अशा रानात उन्हाळ्याच्या सकाळी गेलात तर ढेकळांवर पांढरा पापुद्रा दिसतो, पायाखाली तो कुरकुरतो, पेरलेले बी कुजते आणि ज्या बांधावर पूर्वी तूर डोलत असे तेथे लव्हाळा व वेडी बाभूळ माजते. सातबाऱ्यावर मात्र ती जमीन बागाईत म्हणूनच मिरवत राहते, हा महसुली विनोद निराळाच!

आता यात शाप कोणाला आणि वर कोणाला? चढावरच्या खातेदाराने दारे मोकळे सोडले आणि ऊस पिकवला. उताराच्या शेवटी असलेल्या लहान शेतकऱ्याच्या वाट्याला त्या पाण्याबरोबर मीठ आले. त्याच्या दुर्दैवाला नशीब म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. कारण येथे ना ग्रह वक्री होते, ना कोणा ऋषीचा कोप, केवळ पाणी देणाऱ्या सरकारने निचऱ्याची तजवीज केली नव्हती.

म्हणून माझे मत असे आहे की, चर खणणे किंवा जमिनीखाली सच्छिद्र नळ घालणे हे काम रान खारवल्यानंतर अनुदानाच्या दरखास्तीवर सोडू नये. पाणी मंजूर करतानाच निचऱ्याचा खर्च योजनेत धरावा आणि पाणीपट्टीतून तो वरच्या लाभधारकांकडूनही वसूल व्हावा. या सूचनेला वरच्या अंगाचे बागाईतदार कडाडून विरोध करतील, हे उघड आहे; त्यांच्या उसाला अद्याप फुटवे चांगले येत आहेत.