पाणी सोडणे

प्रवासाला निघायचे म्हटले की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक पहाटे चारला उठून दशम्या बांधणाऱ्यांचा, दुसरा ‘वाटेत काहीतरी मिळेलच’ म्हणणाऱ्यांचा. या खेपेस रस्त्यावरूनही वाद झाला. कन्येला मुंबईला पहिल्या नोकरीवर रुजू व्हायचे होते. तिला समृद्धी महामार्ग हवा होता. मी गाडी वैजापूर-येवल्याच्या जुन्या रस्त्याला घातली. वाटेत नाशिक लागते, असे कारण सांगितले. खरे कारण एवढेच, की त्या रस्त्याने वेळ जास्त लागतो.

येवल्याला पैठणीची दुकाने दिसताच सौभाग्यवती म्हणाल्या, “पैठण आपले, आणि पैठणी घ्यायची येवल्याला!” पुढे निफाडच्या बाजूला द्राक्षांचे मांडव सुरू झाले आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी आमच्या दौलताबादला आणली. पुढे तिथे आलेल्या इब्न बतूताने, या गावी द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे लिहून ठेवले आहे.

“म्हणजे द्राक्षेही मूळची आपलीच!” मी विजयी स्वरात म्हणालो.

“बाबा,” मागून कन्येचा आवाज आला, “आपल्याकडचे जे जे, त्याचे नाव दुसऱ्या गावी गेल्यावरच होते का हो?”

मी उगाचच गिअर बदलला.

नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूचे द्राक्षमळे पाहायचा हट्ट तिचाच. इथल्या ‘सुला’ची पहिली वाईन २००० साली बाजारात आली आणि पंचवटीच्या या गावाला एक नवीच ओळख मिळाली. आम्ही शिरलो त्या वायनरीतल्या तरुणाने उत्साहाने सारे समजावून दिले. खायचे द्राक्ष मोठे आणि पातळ सालीचे, वाईनचे लहान, जाड सालीचे, बियांचे. पांढऱ्या वाईनसाठी रस सालीपासून आधीच वेगळा काढतात. तांबडीसाठी सालीसकट आंबवतात, कारण रंग रसात नसतो, सालीत असतो. चाळीस मुलांच्या वर्गात मला इतके सोपे करून कधी सांगता आलेले नाही.

शेवटी चवीचे पेले पुढे आले. सौभाग्यवतींनी मान वळवली. मी भिंतीवरचे चित्र पाहू लागलो. कन्येने मात्र शांतपणे पेला उचलला. मला भय त्या पेल्याचे वाटले नाही. आजवर कुठलीही नवी गोष्ट उचलण्याआधी ती माझ्याकडे पाहत असे. त्या दिवशी तिने पाहिले नाही.

तेवढ्यात माझ्या आईने पेला नाकाशी नेला. “अरे, हा तर द्राक्षासवाचा वास! तुझ्या जन्मानंतर अशक्तपणा आला, तेव्हा बाटल्यांवर बाटल्या संपवल्या मी. ते आसवही आंबवलेलेच की! तेव्हा कुणी तोंडे वाकडी केली नाहीत.”

सारे हसले. मीही हसलो, पण जरा उशिराच.

बाहेर सज्ज्यातून धरणाचे पाणी चमकताना दिसत होते. तीच आमची गोदावरी. त्र्यंबकला उगम पावते. तिथून पश्चिमेचा समुद्र इतका जवळ. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला आमच्याकडे निघते. तिचेच पाणी पैठणला जायकवाडीत साठते आणि आमच्या नळाला येते. त्या नळाच्या वाराची वाट पाहत पिंपे भरण्यात आमची कितीक वर्षे गेली! नदीच्या पाण्याचे समन्यायी वाटप व्हावे, असे २००५ चा कायदा सांगतो. तरी पाऊस कमी झाला की वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून दरवेळी तंटा उभा राहतो. वर्तमानपत्र उघडून मीही तावातावाने म्हणत आलो आहे, “सोडायला यांचे काय जाते?”

इगतपुरी मागे पडली, कसारा घाट उतरला, संध्याकाळी मुंबई आली. कन्येच्या खोलीवर सामान टाकले. तिने मोरीतला नळ सोडून पाहिला. धार पडली. “आई, इथे रोज पाणी येते!” ती आनंदाने ओरडली. सौभाग्यवती काही न बोलता पिशवीतले डबे मांडू लागल्या. ही पोरगी आता सुट्टीपुरतीच घरी येणार, हे आम्हा दोघांना त्या धारेच्या आवाजातच कळले.

रात्री शिवाजी पार्कच्या कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसलो असता मी तिला सांगितले, की मुंबईला पाणी देणारी वैतरणाही त्याच त्र्यंबकच्या डोंगरातली. एक पूर्वेला गेली, एक पश्चिमेला. “म्हणजे आपण एकाच डोंगराचे पाणी पिणार,” ती म्हणाली आणि तिने माझ्या खांद्यावर डोके टेकले.

परतताना समृद्धीने आलो. लवकर घरी पोहोचलो. पण घाई कुणालाच नव्हती. वरच्या धरणवाल्यांना मी आता पूर्वीसारखा बोलत नाही. हक्काचे पाणी त्यांनी सोडलेच पाहिजे, हे माझे म्हणणे आजही कायम आहे. पण सोडायला यांचे काय जाते, असे मात्र आता मी विचारत नाही.