मोलकरणीचा रविवार

गुरुग्रामच्या उंच सोसायट्यांमध्ये घरकाम करणाऱ्या बायकांचे दोन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातल्या बायका सकाळी फाटकावर नोंद करतात, सर्व्हिस लिफ्टने वर जातात, चार-पाच घरची भांडी आणि फरशी उरकून आपल्या खोलीवर परततात. दुसऱ्या 'चोवीस तासवाल्या'. त्या मालकाच्याच घरी राहतात. त्यांच्या दिवसाला सुरुवात असते, शेवट मालकांच्या झोपण्यावर अवलंबून. यांतल्या बऱ्याच जणी झारखंडच्या खुंटी, गुमला, सिमडेगा या भागांतल्या आदिवासी मुली आहेत आणि त्यांच्यात ख्रिस्ती मुली पुष्कळ. गावचा दलाल, दिल्लीतली प्लेसमेंट एजन्सी आणि मग मालक असा त्यांचा प्रवास होतो. फेब्रुवारी 2023 मध्ये गुरुग्राममधल्या एका घरातून अशाच एका अल्पवयीन मुलीची सुटका झाली. तिच्या अंगावर जखमा होत्या, घरातल्या नवराबायकोला अटक झाली, ती एजन्सीमार्फतच आली होती. अशा बातमीवर सगळे चार दिवस हळहळतात, कारण तिथे क्रौर्य डोळ्यांना दिसते. पण जिला कोणी हात लावत नाही, जेवायला वेळेवर मिळते आणि तरी महिनोन्‌महिने एकही सुट्टी मिळत नाही, तिची बातमी होत नाही. या साध्या, रोजच्या, सभ्य अन्यायाबद्दल ख्रिस्ती श्रद्धेकडे सांगण्यासारखे काही आहे का? माझ्या मते आहे, आणि ते दयेपेक्षा बरेच कडक आहे.

दहा आज्ञांपैकी विश्रामदिनाची आज्ञा आपण सहसा उपासनेचा नियम म्हणून ऐकतो. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकात ती नीट पाहावी. सातव्या दिवशी कोणी काम करायचे नाही याची तिथे यादीच आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आत राहणारा परका. कारणही दिले आहे. दासदासींना तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसर देशात गुलाम होतास. म्हणजे ही सवड मालकाने उदारपणे द्यायची नाही, त्याच्या सत्तेलाच घातलेली ती मर्यादा आहे. अशी मर्यादा आपल्याकडेही लढूनच घालावी लागली. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. लोखंडे सत्यशोधक होते, आणि रविवार हा खंडोबाचा वार आहे असाही त्यांचा युक्तिवाद होता. (चर्चचा वार खंडोबाच्या नावाने मागणारा हा माणूस धर्म आणि हक्क यांचे नाते आपल्या अनेक पंडितांपेक्षा जास्त ओळखून होता.) गिरणीत आलेला तो रविवार घरांच्या उंबऱ्याआत मात्र शिरला नाही. पुढे 1985 मध्ये सिस्टर जान देव्होस या बेल्जियन धर्मभगिनीने मुंबईत घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली, तेव्हा मोलकरीण हीसुद्धा कामगार आहे हेच आधी पटवावे लागत होते. जिनिव्हात 16 जून 2011 रोजी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने संमत केलेल्या 189 क्रमांकाच्या करारात घरकामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती मान्य झाली. भारताने त्या करारावर अजून शिक्कामोर्तब केलेले नाही.

ही श्रद्धा कृतीत कशी उतरते हे पाहायला या मुलींच्या गावापर्यंत जावे लागते. 1885 मध्ये कॉन्स्टन्ट लीव्हन्स हा बेल्जियन जेझुइट पाद्री आजच्या झारखंडातल्या छोटानागपुरात पोचला. मुंडा शेतकरी तेव्हा जमीनदारांच्या वेठबिगारीखाली पिचले होते आणि कोर्टात त्यांची बाजू मांडायला माणूस नव्हता. लीव्हन्सने कायद्याची पुस्तके वाचली आणि त्यांचे खटले हाती घेतले. त्याच्या मागून आलेल्या जॉन हॉफमन या जेझुइटाचा 1908 च्या छोटानागपूर कुळकायद्याच्या घडणीत हात होता. आदिवासींच्या जमिनी बिगरआदिवासींच्या घशात जाऊ नयेत म्हणून आजही तिथे त्याच कायद्याचा आधार घेतला जातो. दिल्लीतले उदाहरण चार्ल्स अँड्र्यूज यांचे. सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवलेला हा इंग्रज धर्मोपदेशक 1915 आणि 1917 मध्ये फिजीला गेला, उसाच्या मळ्यांतल्या करारबद्ध भारतीय मजुरांचे, म्हणजे गिरमिटियांचे, हाल त्याने लिहून काढले आणि आपल्याच सरकारला ती पद्धत बंद करायला लावणाऱ्या चळवळीत तो आघाडीवर राहिला. गिरमिटियांना खेड्यातून फसवून नेणाऱ्या दलालाला अरकाटी म्हणत. आज खुंटीहून मुलगी दिल्लीला नेणाऱ्याला एजंट म्हणतात. त्याची भाषा मात्र तीच आहे: काम हलके, पगार भरपूर, मालक देवमाणूस.

इतके वाचून कोणी विचारील की, त्याच छोटानागपुरातला बिरसा मुंडा विसरलात का? विसरून चालणारच नाही. बिरसा ख्रिस्ती घरात वाढला, चाईबासाच्या मिशन शाळेत शिकला आणि जमिनीसाठी झगडणाऱ्या मुंडा सरदारांना मिशनरी नावे ठेवू लागले तेव्हा मिशन सोडून बाहेर पडला. गोरा पाद्री आणि गोरा अंमलदार त्याला एकाच टोपीखालचे दिसले आणि त्याचे निरीक्षण चुकीचे नव्हते. 1900 मध्ये तो रांचीच्या तुरुंगात मेला, हॉफमनचा कायदा त्यानंतर आठ वर्षांनी आला आणि बिरसाच्या उठावाचा धसका नसता तर तो आला असता का, ही शंका रास्तच आहे. गोव्यात 1560 पासून अडीचशे वर्षे धर्मन्यायालय चालले, तेही येशूच्याच नावाने. आणि जुन्याच गोष्टी कशाला, भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण काढताना चर्चमध्ये अजूनही जातिभेद पाळला जातो हे स्वतःच मान्य केले. यातून एवढेच निघते की श्रद्धा आपोआप कोणाला न्यायाच्या बाजूला नेत नाही. तिच्या हाती बळ असते, ते मालकाच्या पाठीशीही उभे राहते. पण बिरसाने मिशनऱ्यांना ज्या कसोटीवर नापास केले, ती त्यांच्याच ग्रंथात होती. आमोस हा संदेष्टा गरिबाला चपलांच्या जोडापायी विकणाऱ्यांचे सण आणि स्तोत्रे देवाला नकोत असे बजावतो. स्वतःला दोषी ठरवणारे हे वाक्य जी परंपरा सांभाळून ठेवते, तिच्यावर त्या वाक्याचा धाक ठेवता येतो. म्हणून चर्चचा इतिहास काळा आहे हे मान्य करूनही माझे म्हणणे उभे राहते.

दुसरा आक्षेप अधिक चलनी आहे: हे सगळे धर्मांतराचे जाळे. डिसेंबर 2021 मध्ये गुरुग्राम जिल्ह्यातल्या पतौडीजवळ नरहेडा इथे नाताळचा कार्यक्रम याच संशयातून घुसखोरांनी बंद पाडला आणि 2022 मध्ये हरियाणाने धर्मांतरविरोधी कायदा केला. लीव्हन्सच्या काळात हजारो आदिवासी ख्रिस्ती झाले आणि त्यात कोर्टातल्या मदतीचा वाटा मोठा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण वेठबिगारीतून सोडवणूक हे जर आमिष असेल, तर ते दाखवायला त्या गावात आधी दुसरे कोणी का गेले नाही? या आक्षेपाखाली खरे दुखणे वेगळेच असावे अशी मला शंका येते. ख्रिस्ती माणसाने दवाखाना काढला, शाळा चालवली, कुष्ठरोग्याच्या जखमा धुतल्या, की आपण त्याला नमस्कार करतो. तोच माणूस किमान वेतन मागू लागला की त्याचा धर्म डोळ्यांत खुपतो. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांच्या शाळेवर 1893 मध्ये पुण्यात धर्मांतराचे वादळ उठले, ते सर्वांना ठाऊक आहे. पण 1897 मध्ये पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध याच रमाबाईंनी वर्तमानपत्रात लिहिले आणि ख्रिस्ती गव्हर्नरची नाराजी ओढवून घेतली, हे क्वचितच सांगितले जाते. रांचीत आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी झटणारे फादर स्टॅन स्वामी 2020 मध्ये अटक झाल्यावर तळोजा तुरुंगात राहिले. कंपवातामुळे पेला धरवेना म्हणून त्यांना नळीचा पेला मागावा लागला. 5 जुलै 2021 रोजी, आरोप सिद्ध होण्याआधीच, वांद्र्याच्या इस्पितळात त्यांचे निधन झाले. दवाखाना काढून बसले असते तर कदाचित पद्मश्री मिळाली असती.

राहिला संविधानाचा मुद्दा. कायदा असताना देव कशाला? कायदा हवाच, आणि तो सर्वांना एकाच भाषेत बांधणारा हवा. हरियाणातल्याच फरिदाबादच्या दगडखाणींमधल्या वेठबिगारांसाठी 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाजलेला निकाल दिला, तो संविधानाच्या आधारे. पण 'बंधुआ मुक्ती मोर्चा' या संघटनेमार्फत न्यायालयात गेले ते भगव्या कफनीतले आर्य समाजी स्वामी अग्निवेश. कलम पुस्तकात असते. ते उचलून दार ठोठावायला जी माणसे जातात, त्यांतला कोणी वेदांतून बळ मिळवतो, कोणी फुल्यांकडून, कोणी बायबलमधून. न्यायाला त्याचे वावडे असण्याचे कारण नाही, मात्र त्याने मागणी सर्वांना पटेल अशा कारणांनी मांडली पाहिजे. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांसाठी कायद्याची चौकट सुचवणारी समिती नेमायला सांगितले. त्या चौकटीत आठवडी सुट्टी यावी म्हणून गुरुग्रामच्या चर्चने आवाज उठवायला हरकत नाही. मात्र त्याआधी एक चौकशी घरच्या घरी करता येईल. रविवारी सकाळी उपासनेला गाड्यांतून येणाऱ्या कुटुंबांपैकी किती जणांच्या घरी त्याच वेळी एक ख्रिस्ती मुलगी दुपारच्या जेवणाची तयारी करत असते, हे धर्मगुरूने व्यासपीठावरून विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत दर रविवारी विचारत राहावे.