हुलग्याची चटणी पाहुण्यांना वाढावी

गेल्या महिन्यात विट्याला एका लग्नात नाश्त्याला इडली, मेदूवडा आणि उत्तप्पा होता. तिन्हींवर एकाच बादलीतली पांढरी चटणी. पातळ, गार, खोबऱ्यापेक्षा डाळव्याचीच चव जास्त. वाढपी पळीनं ओतत पुढं चालला होता. शेजारच्या बाई म्हणाल्या, "साउथची चटणी अशीच असते." ते मला ऐकवेना. मी २६ वर्षं कोइमतूरला संसार केला. त्या गावातल्या घरांत मी ज्या चटण्या खाल्ल्या, त्यांतली एकही या बादलीत नव्हती.

आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं हे काम. दक्षिणेतल्या सराफी पेठांत आमच्याकडची मराठी हमखास कानावर पडते. १९८६ साली लग्न होऊन मी कोइमतूरला गेले, ती राजा स्ट्रीटजवळच्या एका गल्लीत. खाली भट्टी, वर आमच्या दोन खोल्या, मागच्या चौकात घरमालकीण. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची. तमिळमध्येही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात हे कळलं, तेव्हा परक्या गावात जरा धीर आला.

पहिल्याच आठवड्यात चौकात बसून दोडके सोलत होते. साली आणि शिरा टोपलीत पडत होत्या. अक्का आल्या, टोपलीकडे बघून म्हणाल्या, "तूक्कि पोडादे." टाकून देऊ नकोस. शब्द तेव्हा कळले नाहीत, पण त्या टोपली उचलून आत गेल्या, मागोमाग मीही गेले.

कढईत तिळाचं तेल तापलं होतं. तमिळमध्ये त्याला नल्लेण्णै, म्हणजे चांगलं तेल म्हणतात. (आपला 'तेल' हा शब्दही तिळावरूनच आला आहे.) त्यात दोन चमचे उडदाची डाळ तांबूस होईपर्यंत परतून त्यांनी बाजूला काढली. मग सुक्या मिरच्या आणि हिंगाचा खडा. त्याच तेलात चिरलेल्या साली, पाणी सुटून आटेपर्यंत. वर चिंचेचं बुटूक आणि थोडं ओलं खोबरं. हे सगळं अम्मीवर गेलं. अम्मी म्हणजे आपला पाटा. आधी मिरची, मीठ, चिंच वाटली, मग साली, आणि डाळ अगदी शेवटी घेऊन वरवंट्याचे दोनच हात फिरवले. ती दाताखाली आली पाहिजे. याला तुवैयल म्हणतात. ते पळीनं ओतता येत नाही, बोटांनी उचलून भातात कालवायचं, वर कच्चं तिळाचं तेल. कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकन आहे आणि अक्कांकडेही तो होता, पण इडलीच्या पिठापुरता. चटणी अम्मीवरच.

पहिल्या घासाला मला आई आठवली. दोडक्याच्या शिरांची चटणी आमच्याकडं होत होतीच की! तीळ आणि सुकं खोबरं घालून, तव्यावर कुरकुरीत केलेली. फरक चिंचेचा आणि डाळीचा. मग मी शिरा टाकायला का लागले होते? शहरात राहायला गेलेल्या सुनेनं सालींची चटणी करू नये, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मीच ठरवलं होतं.

हुलग्याचंही तसंच. बहात्तरच्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. मिलोची भाकरी आणि हुलग्याचं माडगं, रोज. पुढं ज्वारी घरात आली तसे हुलगे बैलांच्या वाट्याला गेले आणि हुलगा म्हणजे अडचणीचं खाणं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. कोइमतूरचा मुलूख, ज्याला कोंगुनाड म्हणतात, तोही सह्याद्रीआडचा, कमी पावसाचा. हुलगा तिथंही पिकतो. त्याला कोळ्ळु म्हणतात. अक्कांचे जावई पहिल्यांदा जेवायला आले, त्या दिवशी केळीच्या पानावर त्यांनी कोळ्ळु तुवैयल वाढलं. मानाच्या पाहुण्याला हुलगा! मी बघतच राहिले. जावयांनी ते दुसऱ्यांदा मागून घेतलं.

ती चटणी अवघड नाही. वाटीभर हुलगे मंद आचेवर कोरडे भाजायचे, चांगला खमंग वास सुटेपर्यंत. कच्चे राहिले तर उग्र लागतात, म्हणून इथं घाई करायची नाही. मग सुकी मिरची, लसूण, खोबरं, चिंच, मीठ घालून पाण्याच्या हबक्यावर जाडसर वाटायचे. अक्का भाताबरोबर वाढायच्या. मी ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढते.

चार वाजता त्या घरात चहाला काहीतरी गरम व्हायचंच. इडलीचं पीठ तिसऱ्या दिवशी आंबट झालं की त्याची पणियारम, म्हणजे आपले आप्पे. बारीक कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता, मोहरी आणि हरभरा डाळीची फोडणी. बाहेरून करकरीत, आत जाळीदार. त्याला पांढरी चटणी नाही, कांदा-टोमॅटो परतून वाटलेली लालच हवी, कारण आंबट पिठाला तिखट जोडीदार लागतो. कच्च्या केळ्याची भजी असतील तेव्हा मात्र ओल्या नारळाची चटणी, तीही त्या वेळेपुरती. उन्हाळ्यात वाटलेला नारळ काही तासांत उतरतो, म्हणून सकाळची चटणी संध्याकाळी वाढलेली मी तिथं पाहिली नाही. खालच्या भट्टीवर आमच्याच गावाकडची अठरा-वीस वर्षांची पोरं कामाला होती. दिवसभर धुरात आणि धगीत. चारला ती जिन्यात ओळीनं बसायची, नीलगिरीच्या चहाचे पेले आणि मधे पणियारमची परात. त्या अर्ध्या तासात कुणाला गावाची आठवण काढून रडू आलेलं मला आठवत नाही.

पांढऱ्या चटणीवर माझा राग नाही. उडुपी हॉटेलांनी इडली-डोसा महाराष्ट्राच्या गावोगाव पोचवला, हे त्यांचे उपकारच आहेत. हॉटेलला शंभर पानांना चालेल अशी एकच चटणी लागते. घराला लागत नाही. घरात आज दोडका आहे, उद्या कोथिंबिरीचे देठ आहेत, परवा शेंगदाणे, आणि चटणी त्यावरून ठरते. आपण मात्र घरीसुद्धा हॉटेलचीच नक्कल करतो. हल्ली तयार पिठाच्या पाकिटाबरोबर चटणीच्या भुकटीची पुडी मिळते, पाणी घातलं की झालं. पीठ विकत आणलं तर मी काही म्हणत नाही, नोकरी करणाऱ्या बाईला आंबवण्याचं वेळापत्रक सांभाळणं अवघड आहे. पण चटणीला चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागतो. तीही पुडीतून आली तर त्या ताटात तुमच्या घरचं काय उरलं?

त्याहून वाईट म्हणजे, जे आपल्याच परसात होतं त्याची आपल्याला लाज वाटते. तेच हुलगे आता शहरात आरोग्याचं धान्य म्हणून पाकिटात मिळतात आणि आमच्या लग्नाच्या पंगतीत त्यांना जागा नाही.

विट्याच्या त्या लग्नात मी आचाऱ्याला विचारलं, शेंगदाण्याची नाहीतर हुलग्याची चटणी का करत नाही? तो म्हणाला, "लोक खात नाहीत, काकू." मी म्हटलं, "कधी वाढून बघितलीस?" तो गप्प बसला.

पुढच्या महिन्यात नातीचं बारसं आहे. काम त्याच आचाऱ्याला दिलं आहे. इडली त्याची, चटण्या माझ्या. दोन किलो हुलगे निवडून ठेवलेत, आणि पाट्याला टाकी लावून घेतली आहे.